लाइन गेली की एपीटी अडतं: गोडाऊनमधल्या सर्व्हरवर पॅकेज बांधायची साधनं बसवताना

मागच्या सोयाबीनच्या हंगामात एकच फोन मला चार वेळा आला.

"भाऊ, पुन्हा थेच येऊन राह्यलं. लॉकवालं. पुसून टाकू का थे फाइल?"

फोन करणारा पोरगा आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर बसतो. केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याहून आत, गावठाणाबाहेरच्या गोडाऊनमध्ये. गोडाऊन शेताच्या लाइनवर आहे. त्यामुळे वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि वारा-वावधान सुटलं की तेवढीही नाही. तिथे टेबलाखाली एक साधा डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). आम्ही त्यालाच सर्व्हर म्हणतो. काट्यावरचं वजन घेऊन पावती काढणारा प्रोग्राम त्याच्यावर चालतो, आणि बाकीच्या दोन केंद्रांसाठी त्या प्रोग्रामचं पॅकेजही (बसवण्यासाठी तयार केलेला एकत्र गठ्ठा) तिथूनच पेन ड्राइव्हवर जातं. म्हणून मला त्या मशीनवर पॅकेज बांधायची साधनं बसवायची होती: डीपीकेजी-डेव्ह, डेबहेल्पर आणि डेव्हस्क्रिप्ट्स. शहरातल्या मशीनवर हे काम दहा मिनिटांचं आहे. इथे त्याला तीन आठवडे लागले. दरवेळी सुरुवात केली की काहीतरी वेगळंच एरर यायचं, दुरुस्त करायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिलंच.

मधल्या काळात गावातल्या एका जाणत्या माणसाने त्या पोराला सांगितलं, "फॉरमॅट मारून टाक." हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. त्या डिस्कवर हंगामातल्या एकेका कास्तकाराच्या कट्ट्यांची नोंद असते. कोणाचे किती क्विंटल, ओलावा किती, कोणाला पैसे मिळाले, कोणाचे बाकी. आणि हा बिघाड फॉरमॅटने जातही नाही, कारण तो डेबियनमध्ये नाहीच. फॉरमॅट करा, पुन्हा डेबियन टाका, लाइन दोनदा जाऊ द्या, तुम्ही परत तिथेच.

एक गोष्ट आधी सांगतो. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, मी फोनवर जशा सांगतो तशाच. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत. एपीटी (नेटवरून पॅकेज आणणारा प्रोग्राम), डीपीकेजी (ते मशीनवर बसवणारा) ही नावं अक्षरं सुटी करून लिहिली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. जिथे आडवी रेघ आहे तिथे आडवी रेघच.

चार एरर, एकच साखळी

त्या तीन आठवड्यांत आम्हाला दिसलेली एरर साधारण अशी. "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट." मग "४०४ नॉट फाउंड." मग "कुड नॉट गेट लॉक." आणि शेवटी "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड." मी आधी हे चार वेगळे बिघाड धरले आणि चार वेगळे उपाय शोधत बसलो. तिथेच वेळ गेला. पोराला एका वहीत लाइन जायची-यायची वेळ आणि त्यानंतर आलेलं एरर लिहायला लावलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. वहीची तीन पानं भरली आणि चारही एरर एका माळेत बसली.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घड्याळ, मग लॉक, मग अर्धवट राहिलेली पॅकेजं, आणि त्यानंतरच नवीन इन्स्टॉल. क्रम मोडला की एकाचं निस्तरताना दुसरं बिघडतं.

घड्याळ

सगळ्यात आधी ही कमांड द्या:

टाइमडेटसीटीएल

मशीनवरचा टाइम आणि तुमच्या मोबाइलवरचा टाइम शेजारी-शेजारी धरा. "सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइझ्ड" या ओळीसमोर "येस" आहे का "नो" ते बघा. "नो" असेल तर पुढे जाऊच नका.

आमच्याकडे झालं ते असं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ तो चालवतो. आमचा सेल संपला होता. गोडाऊनला पत्र्याचं छत आहे, मे महिन्यात आत उभं राहवत नाही, आणि मशीन दिवसातला अर्धा वेळ विजेविना असतं. म्हणजे सगळा भार त्या सेलवर. मल्टिमीटर लावला तर काटा एक व्होल्टच्या जरासा वर. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो.

सेल मेला तर मशीनवर २०१० किंवा २०१५ सालची तारीख दिसायला हवी, असं वाटेल. डेबियन १२ मध्ये तसं होत नाही, आणि त्यामुळेच हा बिघाड ओळखू येत नाही. सिस्टमडी-टाइमसिंकडी नावाची सेवा चालू असताना वेळेची नोंद डिस्कवर ठेवत जाते. मशीन पुन्हा सुरू झालं की ती बघते, मदरबोर्डचं घड्याळ आपल्या शेवटच्या नोंदीच्याही मागे आहे, मग ती घड्याळ निदान त्या नोंदीपर्यंत आणून ठेवते. परिणाम असा: लाइन रात्री १० वाजता गेली आणि सकाळी ६:३० ला आली, तर मशीनच्या मते आता रात्रीचे १० वाजून काही मिनिटं झाली आहेत. तारीख एका दिवसाने मागे, वर्ष बरोबर, महिना बरोबर. कोणाच्या नजरेत भरत नाही.

आता एपीटी अपडेट दिलं की ते डेबियनच्या सर्व्हरवरून रिलीज फाइल, म्हणजे पॅकेजांच्या यादीची सही केलेली फाइल, आणतं. त्या फाइलवर सही केल्याची वेळ असते. समजा सही आपल्या वेळेनुसार रात्री २ च्या सुमारास झाली. मशीनच्या मते तर अजून १० वाजलेत. उद्याच्या वेळेची सही एपीटी मान्य करत नाही, फक्त काही सेकंदांची सूट देतं. म्हणून "नॉट व्हॅलिड येट, इनव्हॅलिड फॉर अनदर" आणि पुढे चार तासांच्या आसपासचा आकडा. तो आकडा नीट वाचत जा. आमच्या वहीत तो दरवेळी लाइन गेलेल्या तासांपेक्षा कमी निघायचा, आणि हे जुळलं तेव्हाच मला सेलची शंका आली.

आणखी एक खूण. हे एरर सहसा एपीटी अपडेटच्या पहिल्या, मुख्य ओळीवर येत नाही. ते "अपडेट्स" किंवा "सिक्युरिटी" असलेल्या ओळींवर येतं. कारण स्टेबल डेबियनची मुख्य रिलीज फाइल महिनोन्‌महिने बदलत नाही, अपडेट्सची मात्र दिवसातून चार वेळा नव्याने निघते. त्यामुळे काही ओळी चालतात, काही अडतात, आणि माणूस म्हणतो, नेट स्लो असेल.

"४०४" इथूनच उगवतं. अपडेट अडलं की एपीटी जुनीच यादी धरून बसतं. जुन्या यादीत एखाद्या पॅकेजची जुनी आवृत्ती लिहिलेली असते, सर्व्हरवरून ती केव्हाच काढून नवी ठेवलेली असते. एपीटी जुनी मागायला जातं, ती सापडत नाही. मिरर (डेबियनची प्रत ठेवणारा सर्व्हर) बदलून याचा काही उपयोग नाही. आम्ही तीन मिरर बदलून पाहिले होते.

तात्पुरता उपाय सोपा. नेट चालू आहे याची खात्री करून:

सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट सिस्टमडी-टाइमसिंकडी

मिनिटभर थांबून पुन्हा टाइमडेटसीटीएल. "येस" आलं की झालं. नाहीच आलं, तर सुडो डेट -एस देऊन पुढे अवतरणचिन्हांत मोबाइलवरची तारीख-वेळ हाताने टाका. आमच्याकडे नेट पोराच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. तो हॉटस्पॉट लावायचा आणि त्याच क्षणी कमांड मारायचा. घड्याळाला जुळायला वेळच मिळत नव्हता.

कायमचा उपाय म्हणजे सेल बदलणे. तालुक्याच्या ठिकाणी घड्याळवाल्याकडे मिळतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, नाहीतर नवीनच डोकेदुखी होते. मशीन चालू असताना मदरबोर्डचं घड्याळ बरोबर दिसतं, कारण नेटवरून वेळ मिळाली की कर्नल (डेबियनचा गाभा) ती तिथेही लिहून ठेवतो. म्हणून चालू मशीनवर बघून सेल चांगला आहे असं ठरवू नका. तासभर प्लग काढून ठेवा, मग नेट न लावता सुरू करा आणि बघा. आणि दुसरी, सेल काढला की बायोसच्या (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. त्यात एक सेटिंग असतं, वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं का. ते बंद झालं तर रात्रीची लाइन येऊनही सर्व्हर बंदच, आणि सकाळी काट्यावर ट्रॉल्या उभ्या. आम्ही सेल बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवला.

नेटवर यावर एक औषध सुचवलेलं सापडतं: एपीटीला तारीख तपासूच नकोस म्हणून सांगायचं. कृपा करून ते सेटिंग लावू नका. ती तपासणी अशासाठी आहे की कोणी तुम्हाला मुद्दाम जुनी यादी देऊन जुनी, भोकं असलेली पॅकेजं गळ्यात मारू नये. कास्तकारांच्या बँक खात्यांचे नंबर ज्या मशीनवर आहेत तिथे हे कुलूप काढून ठेवणं मला पटत नाही.

लॉक

आता त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. लॉकची फाइल पुसायची का? नाही.

/व्हार/लिब/डीपीकेजी/ या फोल्डरमध्ये लॉक-फ्रंटएंड आणि लॉक नावाच्या फाइली कायमच असतात. काही चालू असो-नसो, त्या तिथे दिसणारच. फाइल म्हणजे कुलूप नव्हे. ती दाराची कडी आहे, आणि जो प्रोग्राम आत काम करतो त्याने ती आतून लावलेली असते. प्रोग्राम संपला किंवा मेला की कडी आपोआप सुटते. लाइन जाऊन मशीन नव्याने सुरू झालं असेल तर आधीची कोणतीही कडी शिल्लक राहूच शकत नाही. म्हणजे लॉकचं एरर येतंय याचा अर्थ आत्ता, या क्षणी, आत खरोखर कोणीतरी आहे.

फाइल पुसली की काय होतं? आतला प्रोग्राम जुनी कडी धरून काम करत राहतो, आणि तुमचा प्रोग्राम नवीन फाइल करून तिला नवी कडी लावतो. दोघेही एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला लागतात. आमच्या पोराने पहिल्या वेळी मला विचारायच्या आधी हेच केलं होतं, आणि त्यानंतरचे दोन दिवस मी ती नोंदवही सरळ करत होतो. त्याची चूक नव्हती. नेटवर पहिलाच उपाय तो लिहिलेला असतो.

आत कोण आहे ते एररमध्येच लिहिलेलं असतं: "हेल्ड बाय प्रोसेस", पुढे नंबर, आणि कंसात नाव. आमच्याकडे दरवेळी नाव एकच, अनअटेंडेड-अपग्रेड. ही डेबियनची आपोआप सुरक्षा अपडेट घालणारी सेवा. तिचं वेळापत्रक सकाळी ६ चं आहे, आणि त्यात तासाभरापर्यंत उशीर होतो. पण तिला एक सवय अशी लावलेली आहे की वेळ चुकली, म्हणजे मशीन तेव्हा बंद होतं, तर मशीन सुरू झाल्यावर ती ते काम भरून काढते. आता आमचा दिवस बघा. रात्री लाइन नाही. सकाळी साडेसहाला, सातला लाइन आली, मशीन सुरू झालं. चुकलेलं अपडेट पुढच्या तासाभरात केव्हाही सुरू होणार. आणि पोरगा नेमका त्याच वेळी काटा सुरू व्हायच्या आत माझं काम उरकावं म्हणून बसतो. कधी गाठ पडते, कधी नाही. म्हणून हा बिघाड लहरी वाटतो.

लॉक दिसलं तर थांबा. हॉटस्पॉटवर दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. एपीटी-गेटला थांबायला सांगता येतं:

सुडो एपीटी-गेट -ओ डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=६०० इन्स्टॉल डीपीकेजी-डेव्ह

इथे एक अपवाद. या सेटिंगच्या नावात "डीपीकेजी"मधले पहिले दोन, "लॉक" आणि "टाइमआउट" यांची पहिली अक्षरं मोठ्या लिपीत लिहायची रीत आहे. ६०० म्हणजे दहा मिनिटं, आकडा इंग्रजी.

आपोआप अपडेट बंद करून टाका असा सल्लाही मिळेल. मी बंद केलं नाही, वेळ बदलली. सुडो सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टाइमर देऊन टाइमर विभागात (टी मोठ्या लिपीत) ऑनकॅलेंडर ही ओळ (ओ आणि सी मोठ्या लिपीत) आधी रिकामी ठेवायची, म्हणजे जुनी वेळ पुसली जाते, आणि खाली दुसऱ्या ओळीत दुपारची वेळ लिहायची. आम्ही दुपारी १ ठेवली. तेव्हा हमालांची जेवणाची सुट्टी असते, काटा बंद असतो, आणि समोर माणूस हजर असतो.

घड्याळाशी जोडलेली आणखी एक कमांड मला फार उपयोगी पडली:

सुडो सिस्टमसीटीएल इनेबल सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक

तारखेवर चालणारी सगळी टाइमर मग नेटवरून वेळ जुळेपर्यंत थांबतात. चुकीच्या घड्याळावर आपोआप अपडेट सुरू होणं त्याने बंद झालं. काट्याच्या प्रोग्रामला त्याचा अडथळा होत नाही, तो नेहमीसारखा सुरू होतो.

अर्ध्यात राहिलेली पॅकेजं

इन्स्टॉल चालू असताना लाइन गेली तर पुढच्या वेळी एपीटी सरळ सांगतं, "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड", आणि काय करायचं तेही सांगतं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पाठोपाठ सुडो एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल द्या, आणि मग सुडो डीपीकेजी --ऑडिट. ऑडिटने काहीच छापलं नाही, नुसता प्रॉम्प्ट परत आला, की सगळं जागेवर आहे. डीपीकेजी १९९४ पासूनचं साधन आहे आणि अर्ध्यात वीज जाणं त्याला नवीन नाही. प्रत्येक पायरीवर ते आधी डिस्कवर पक्कं लिहून घेतं, मग पुढे सरकतं. म्हणून इन्स्टॉल वेगात व्हावं यासाठी "अनसेफ-आयओ" नावाचं सेटिंग लावायचा सल्ला कोणी दिला, तर आपल्या भागात तो घेऊ नका. त्याने हीच सावधगिरी निघून जाते.

तिसऱ्या वेळी मात्र कॉन्फिगर -ए नेही अंग टाकलं. एरर होतं, अमुक पॅकेजची "फाइल्स लिस्ट फाइल इज मिसिंग फायनल न्यूलाइन". ही खास वीज गेल्याची जखम आहे. प्रत्येक पॅकेजने कुठे-कुठे काय ठेवलं याची एक यादी /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो/ मध्ये असते, पॅकेजच्या नावाची, शेवटी डॉट लिस्ट. मी पोराला त्या फाइलची शेवटची ओळ वाचायला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, शेवटची ओळ अर्धीच दाखवून राह्यलं." नाव आहे, तारीख आहे, पण यादी अर्धवट. लाइन गेली तेव्हा फाइल तयार झाली होती, सगळा मजकूर डिस्कपर्यंत पोचला नव्हता.

अशी फाइल पुसू नका, बाजूला काढा. सुडो एमव्ही देऊन तिला /रूट/ मध्ये हलवा. यादीच नसेल तर डीपीकेजी फक्त इशारा देतं आणि पुढे जातं, तुटकी यादी असेल तर अडून बसतं. मग ते पॅकेज पुन्हा बसवा:

सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल पॅकेजचं-नाव

यादी नव्याने तयार होते. एकाच वेळी अशा दोन-तीन फाइली निघू शकतात. त्या फोल्डरमधल्या बाकीच्या डॉट लिस्ट फाइलींचा शेवटही आधीच तपासा, म्हणजे एक-एक एरर खात बसावं लागत नाही.

मूळ नोंदवहीच, म्हणजे /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही फाइल, खराब झाली असेल तर शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, आणि /व्हार/बॅकअप्स/ मध्ये डीपीकेजी.स्टेटस.० नावाने रोजची प्रत असते. खराब फाइल आधी बाजूला कॉपी करून ठेवा, मग प्रत जागेवर आणा.

माझ्याच पॅकेजमधली चूक

चौथ्या वेळी अडलेलं पॅकेज डेबियनचं नव्हतं. ते माझं होतं, काट्याच्या प्रोग्रामचं. प्रत्येक पॅकेजमध्ये बसवून झाल्यावर चालणारी एक स्क्रिप्ट असते, पोस्टइन्स्ट. माझ्या स्क्रिप्टमध्ये यूझरॲड देऊन काट्यासाठी वेगळा यूझर तयार होत होता आणि पावत्यांसाठी फोल्डर. नव्या मशीनवर ती व्यवस्थित चालायची. त्या दिवशी यूझर तयार झाला आणि पुढच्या ओळीआधी लाइन गेली. लाइन आल्यावर डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ने स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली. यूझरॲड म्हणालं, हा यूझर आधीच आहे, आणि एरर देऊन बाहेर पडलं. स्क्रिप्ट फसली म्हणजे पॅकेज अर्धवट. कितीही वेळा चालवा, तिथेच फसणार. आणि एक पॅकेज अर्धवट असलं की एपीटी प्रत्येक कामाच्या शेवटी त्याच्यावरच अडखळतं. डेबहेल्पर बसेना त्याचं शेवटचं कारण हे होतं.

डेबियनच्या धोरणातच लिहिलेलं आहे की या स्क्रिप्टा कितीही वेळा, अर्ध्यातून चालवल्या तरी बिघडू नयेत. शहरात चोवीस तास वीज असलेल्या मशीनवर पॅकेज बांधणाऱ्याला हा नियम कागदावरचा वाटतो. आपल्याकडे तो रोजच्या कामाचा आहे. मी यूझर आहे का ते आधी गेटएंटने विचारतो, नसेल तरच तयार करतो. एमकेडीआयआरला -पी लावतो, म्हणजे फोल्डर आधीच असलं तरी ते तक्रार करत नाही. डेटाबेसचं टेबल करताना "नसेल तर" अशी अट घालतो. आता नवी आवृत्ती केंद्रावर पाठवायच्या आधी घरच्या मशीनवर पोस्टइन्स्टच्या मधोमध वीस सेकंदांची झोप घालतो, ती चालू असताना प्लग ओढतो आणि नंतर कॉन्फिगर -ए चालवून बघतो. पाठवताना झोप काढून टाकतो.

शेवटी इन्स्टॉल कसं झालं

डाउनलोड आणि इन्स्टॉल वेगळं केलं. हॉटस्पॉटवर डाउनलोडला अर्धा तास लागतो आणि खरं इन्स्टॉल दोन-तीन मिनिटांचं असतं. एकत्र केलं की तो पूर्ण वेळ जीव टांगणीला. म्हणून आधी:

सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स डीपीकेजी-डेव्ह डेबहेल्पर डेव्हस्क्रिप्ट्स

मध्ये नेट तुटलं, लाइन गेली, काही बिघडत नाही. हीच कमांड पुन्हा द्या, अर्ध्या उतरलेल्या फाइली तिथून पुढे उतरतात. सगळं उतरलं की लाइन स्थिर असेल किंवा इन्व्हर्टर भरलेला असेल अशी वेळ बघून तीच कमांड, फक्त --डाउनलोड-ओन्ली च्या जागी --नो-डाउनलोड. दरम्यान एपीटी-गेट क्लीन देऊ नका, उतरवलेलं सगळं पुसलं जाईल. "नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स" मुद्दाम लावलं, कारण डेव्हस्क्रिप्ट्स शिफारशीतली ढीगभर पॅकेजं ओढून आणतं आणि आपल्या कामाला त्यातलं फारसं लागत नाही.

खरं तर साधं घरगुती पॅकेज बांधायला यातलं काहीच लागत नाही. डीपीकेजी-डेब प्रत्येक डेबियनवर आधीपासून असतं. एका फोल्डरमध्ये हव्या त्या फाइली, त्यात मोठ्या लिपीत डेबियन नावाचं फोल्डर, आत कंट्रोल नावाची पाच-सहा ओळींची फाइल, आणि डीपीकेजी-डेब --रूट-ओनर-ग्रुप --बिल्ड. एकाच मशीनसाठी काम असेल तर इतकंच करा. मला डीपीकेजी-डेव्ह हवं होतं ते त्यातल्या डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेससाठी. त्याने पेन ड्राइव्हवर छोटी रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार, तयार होते आणि दुसऱ्या केंद्रावरचं एपीटी तिथून थेट पॅकेज घेतं.

दुरून एसएसएचने काम करत असाल तर आधी टीमक्स सुरू करा, मग इन्स्टॉल. मोबाइलची रेंज गेली आणि कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू राहतं. परत जोडून टीमक्स अटॅच द्या.

इन्व्हर्टर असूनही मशीन रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरचं बटण बघा. आमच्या इन्व्हर्टरवर साधा मोड आणि यूपीएस मोड असं एक छोटं बटण आहे. साध्या मोडमध्ये बॅटरीवर यायला जरा वेळ लागतो. पंखा-दिव्याला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. दोन वर्षं ते बटण साध्या मोडवर होतं.

आणि "क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट" असं आलं तर त्या सिमचा रिचार्ज तपासा. पॅक संपला की यादीऐवजी कंपनीचं रिचार्जचं पान येतं, आणि एपीटीला ते वाचता येत नाही.

साधनं बसली त्या दिवशी सकाळी पोराने फोन केला, आणि मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, "भाऊ, टाइम मोबाइलशी जुळून राह्यला. लॉक कोनाचं नाई. ऑडिट रिकामं आलं. आता मारू का?" बाहेर तुरीच्या कट्ट्यांच्या दोन ट्रॉल्या काट्याकडे वळत होत्या, त्यांचा आवाज फोनवर येत होता. म्हटलं, आधी त्यांच्या पावत्या कर, मग मार. साडेअकराला ते झालं.

उरलेल्या दोन केंद्रांवरचे सेल मृग लागायच्या आत बदलायचे आहेत. त्यातल्या एका मशीनच्या बायोसला पासवर्ड आहे आणि तो लावणारा माणूस आता पुण्याला असतो. त्याला फोन लावतो आहे.